तांबाकाट्याला ताटांवर नंबर घालून घेतले : आकड्याला दोन रुपये, नऊ मात्र तपासून घ्या

दुकानाचं नाव लिहीत नाही. कौतुकही करायचंय आणि तक्रारही, आणि काकांचं वय बघता तक्रार वाचून कुणी त्यांच्या डोक्यावर जाऊन बसावं अशी माझी इच्छा नाही. मुंबादेवीकडून तांबाकाट्याच्या भांडेबाजारात शिरा. दुकानाबाहेर पत्र्याच्या स्टुलावर बसून, मांडीत भांडं धरून, मशीनने नाव घालणारे बरेच दिसतील. त्यातले जाड भिंगाचा चष्मा असलेले आणि गिऱ्हाइकाकडे मान वर करून न बघणारे ते आमचे काका.

आमचं गिरगावातल्या चाळीचं मंडळ. महाप्रसादाला दरवर्षी भाड्याची ताटं आणायची, आणि दरवर्षी पाच-सात कमी भरली म्हणून डिपॉझिटमधून पैसे कापून घ्यायचे, हे आमचं ठरलेलं. यंदा वर्गणीबाहेर वेगळे पैसे जमवून ५०० स्टीलची ताटं विकतच घेतली. एक ताट साधारण ३०० ग्रॅमचं, म्हणजे सगळी मिळून दीड क्विंटल. ज्यांच्याकडून घेतली त्यांनी मंडळाचं नाव फुकट मारून दिलं, कारण नावाचा ठसा एकदा केला की तोच पाचशे वेळा दाबायचा. नंबराचं तसं नाही. प्रत्येक ताटाचा वेगळा. तिथे ठसा चालत नाही, माणूसच लागतो.

नंबर कशाला, असं आमच्याच कमिटीत दोघांनी विचारलं. बारसं, साखरपुडा, सत्यनारायण, काहीही असलं की चाळीतली माणसं मंडळाची ताटं नेतात. बारा नेतात, अकरा आणतात, आणि वर सांगतात, ‘अकराच नेली होती हो.’ मी बँकेत ३४ वर्षं काढली, त्यातली निम्मी कॅशमध्ये. नोटेला नंबर असतो तो उगीच नसतो. मंडळाची खजिनदार मी, तेव्हा नंबर पडले.

भाव काढले. घराजवळच्या भांडेवाल्याने ताटाला सरसकट सहा रुपये सांगितले, म्हणजे ३०००. तांबाकाट्याचे काका म्हणाले, आकड्याला दोन रुपये. सेक्रेटरींनी कमिटीत लगेच गणित मांडलं. पाचशे ताटं, तीन आकडे, दोन रुपये, झाले तीन हजारच. मग दीड क्विंटल ओझं तिकडे कशाला न्यायचं? मी म्हटलं, सात नंबरच्या ताटाला तीन आकडे कुठून आणणार? तेव्हा कुठे लोकांचे चेहरे हलले.

मग सूचनांचा पाऊस. आयटीत असलेला एक पुतण्या म्हणाला, “काकू, ००१, ००२ असं घाला, एक्सेलमध्ये नीट लागतं.” म्हणजे १५०० आकडे, आणि नुसती पुढची शून्यं विकत घ्यायची. सेक्रेटरींना पाच गठ्ठे हवे होते, अ-१ ते अ-१००, ब-१ ते ब-१००, असे इ पर्यंत. ऐकायला स्वस्त वाटतं, कारण १ ते १०० मध्ये आकडे फक्त १९२. पाच वेळा धरले तर ९६०. पण काका अक्षरालाही दोनच रुपये घेतात आणि अक्षरं पाचशे. बेरीज १४६०. सरळ १ ते ५०० घातले तर त्याहून कमी. हे मी कागदावर करून दाखवलं तेव्हा सेक्रेटरी म्हणाले, “बरं, तुम्ही म्हणताय तर.” मी म्हणत नव्हते, आकडे म्हणत होते.

आता सरळ १ ते ५०० ला आकडे किती, हे काकांसमोर बसूनच सांगायला गेले आणि तोंडावर पडले. १ ते ९ चे ९. १० ते ९९ ही नव्वद ताटं, त्यांचे १८०. पुढे पाचशेतून शंभर गेले चारशे, त्यांचे १२००. एकूण १३८९. काका कुठल्याशा डब्यावर नाव घालत होते. मशीन न थांबवता म्हणाले, “ताई, शंभराचं ताट कुठे गेलं?”

गेलंच होतं. १०० ते ५०० ही ताटं चारशे नव्हेत, चारशे एक. दोन्ही टोकं धरायची. बँकेत नव्या मुलांना मी हेच शिकवायचे : चेकबुक १०१ ते १२५ असेल तर चेक पंचवीस, चोवीस नाहीत. आणि स्वतः तिथेच पाय घसरला.

काकांचा हिशेब माझ्याहून सरळ होता. म्हणाले, सगळ्या ताटांना तीन-तीन आकडे असते तर पंधराशे. पहिल्या नव्व्याण्णव ताटांना तिसरा आकडा नाही, ते नव्व्याण्णव वजा. पहिल्या नऊ ताटांना दुसराही नाही, ते नऊ वजा. नव्व्याण्णव आणि नऊ, एकशे आठ. “जपाची माळ धरा. पंधराशेतून एक माळ कमी.” १३९२. मी घरी येऊन वेगळ्या वाटेने पडताळलं. १, २, ३ आणि ४ हे आकडे दोन-दोनशे वेळा येतात, ५ एकशे एक वेळा, ६ ते ९ शंभर-शंभर वेळा आणि शून्य ९१ वेळा. बेरीज तीच, १३९२. पैसे २७८४.

शून्याचे ९१ आकडे बघून मी थोडी घासाघीस करून बघितली. म्हटलं, काका, शून्याला कसले पैसे? त्यांनी पहिल्यांदा चष्म्यावरून बघितलं. म्हणाले, सात एका हिसक्यात होतो, आठ त्याहून सोपा, पण शून्याला सुई जिथून निघाली तिथेच परत आणून जुळवावी लागते, आणि स्टीलवर ती सरकते. “शून्याला खरं म्हणजे तीन घ्यायला पाहिजेत.” मी गप्प बसले.

पुढचा प्रश्न त्यांचाच. “इंग्लिश की मराठी?” मी म्हटलं, मराठीच. ते म्हणाले, बरं केलंत. मला वाटलं भाषेचा अभिमान वगैरे असेल. तसं काही नव्हतं. ताट गोल, त्याला वर-खाली नसतं. इंग्रजी सहा उलट्या बाजूने बघितला की नऊ. अडुसष्टचं ताट एकाला अडुसष्ट दिसणार, समोर बसलेल्याला एकोणनव्वद. इंग्रजीत घालायचे तर प्रत्येक सहा-नवाच्या नंबराखाली आडवी रेघ मारावी लागते, आणि रेघेचे पैसे घेतले तर गिऱ्हाईक भांडतं. देवनागरीत ही भानगड नाही. इतका साधा विचार, पण पंधरा जणांच्या कमिटीत एकालाही सुचला नव्हता.

काम बघण्यासारखं आहे. हातात मावेल एवढं मशीन, पुढे सुई. बटण दाबलं की ती थरथरते आणि दातांच्या डॉक्टरकडे बसल्यासारखा आवाज येतो. काका ताट मांडीवर आडवं धरतात, डाव्या अंगठ्याने काठ दाबतात आणि हात जवळजवळ हलवतच नाहीत. ताटच बोटभर फिरतं. मी विचारलं नंबर कुठे घालणार, तर म्हणाले काठावर वरच्या अंगाला, बुडाला नको. बुडावरचा नंबर ओट्यावर घासून चार वर्षांत पुसट होतो, शिवाय गठ्ठा रचलेला असताना वाचता येत नाही. पूर्वी तांब्या-पितळेवर छिन्नी-हातोडीने टिंब टिंब ठोकून नावं घालायचे, तेही त्यांना येतं. दुकानात एक जुनं घंगाळ पडलंय, त्याच्यावरचं नाव त्यांच्या वडिलांनी ठोकलेलं. स्टीलला मात्र मशीनच. चार दुपारी लागल्या.

बिलाच्या वेळी गंमत झाली. गल्ल्यावर मालकाचा मुलगा होता. त्याने कॅल्क्युलेटरवर पाचशे गुणिले तीन गुणिले दोन केलं आणि ३००० चं बिल फाडलं. मी तोंड उघडायच्या आत बाहेरून स्टुलावरून आवाज आला, “माळ कमी कर.” मुलाला काही कळलं नाही. काका आत आले, पाटीवर १०८ लिहिलं, दोनाने गुणलं आणि २१६ वजा करायला लावले. म्हणजे दुकानाचा हिशेब ढोबळ आहे, काकांचा नाही. तुम्ही गेलात तर आकडे घरून मोजून जा. ‘तीन आकडी नंबर’ हा शब्द दुकानात उच्चारूसुद्धा नका.

(एक उपसूचना. पुढे ५०१ ते १००० घालायचे झाले तर आकडे १५०१ होतात, पहिल्या पाचशेपेक्षा १०९ जास्त. आम्हाला आता वाट्यांवरही नंबर हवेत. सेक्रेटरी म्हणाले, ताटांच्या पुढचे नंबर द्या, घोटाळा नको. वाटी आणि ताट यांत घोटाळा होणाऱ्याच्या हातात मंडळाची भांडी द्यावीत का, हा वेगळा मुद्दा. वाट्या पुन्हा १ पासून.)

आता तक्रार.

ताटं हातगाडीने सी. पी. टँकवरून घरी आली. मला ती उतरवल्या उतरवल्या तपासायची होती, आणि बिनपैशाची माणसं म्हणजे चाळीतली मुलं. एकामागून एक ओळीने लावून बघायला पाचशे ताटांना लागेल एवढी जागा आमच्या गॅलरीत नाही, आणि गाडीवाल्याने वाटेत दोरी सोडल्यामुळे गठ्ठे पार मिसळले होते. तेव्हा मी बँकेतली युक्ती काढली. तीन मुलं जिन्यावर बसवली, जुन्या पावतीपुस्तकाची पाठकोरी पानं दिली. एकाने एकं सांभाळायचे, दुसऱ्याने दहं, तिसऱ्याने शतकं. चौथा ताट उचलून मोठ्याने आकडे वाचणार : ‘तीन, चार, सात.’ ज्याचा आकडा त्याने आपल्या बेरजेत मिळवायचा. बेचाळीस असेल तर ‘शून्य, चार, दोन’. ताटं कुठल्याही क्रमाने येऊ देत, बेरीज तीच यायला हवी.

किती यायला हवी हे आधी ठरवलं. १ ते ५०० मध्ये एकंस्थानी ० ते ९ हे आकडे पन्नास-पन्नास वेळा येतात. ० ते ९ ची बेरीज ४५, म्हणून ४५ गुणिले ५० म्हणजे २२५०. दहंस्थानीही तेच, २२५०. शतकाच्या घरात १, २, ३, ४ शंभर-शंभर वेळा आणि शेवटच्या ताटाचा एक ५, म्हणजे १००५. तिन्ही मिळून सगळ्या आकड्यांची बेरीज ५५०५. दुसऱ्या मजल्यावरची सातवीतली मुलगी, जी शतकं सांभाळत होती, तिने हे मला वेगळ्याच तऱ्हेने करून दाखवलं. तिने ० आणि ४९९ ची जोडी लावली, मग १ आणि ४९८, २ आणि ४९७. प्रत्येक जोडीत एकं मिळून ९, दहं मिळून ९, शतकं मिळून ४. बावीस. अशा अडीचशे जोड्या, ५५००. उरलं ५०० चं ताट, त्याचे ५. तिला म्हटलं, गणितज्ञ गाउसची लहानपणची गोष्ट सांगतात ती अशीच, १ ते १०० ची बेरीज जोड्या लावून केल्याची. तिला गाउस माहीत होता. चाळीतल्या मुलांना कमी लेखू नये.

पहिल्या मोजणीत शतकं बरोबर आली, १००५. एकं आले २२६६. सोळा जास्त. दहं आले २२४२. आठ कमी. ताटं मोजली तर बरोबर पाचशे.

पुन्हा वाचायला लावलं, जवळपास तेच. आठ आणि सोळा. मी रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या विचार करत होते आणि एकदम उठून बसले. ९ वजा १, आठ. काकांचा नऊ आणि काकांचा एक! गोल आणि शेपटी, दोघांचा ऐवज तोच. घाईत काढला की कुठला कुठला ते ब्रह्मदेवही सांगू शकत नाही. दोन ठिकाणी एकंस्थानचा १ मुलांनी ९ वाचला होता, म्हणून सोळा जास्त. एका ठिकाणी दहंस्थानचा ९ त्यांनी १ वाचला, म्हणून आठ कमी. शतकाच्या घरात मात्र घोळ होऊच शकत नव्हता, कारण नऊशेचं ताटच नाही, तिथे एक दिसला की तो एकच.

दुसऱ्या दिवशी १ आणि ९ वर संपणारी शंभर ताटं वेगळी काढली. १३९ दोन निघाली, १३१ एकही नाही. ४२९ दोन, ४२१ गायब. मग दहाच्या घरातला शोध : २१४ दोन, २९४ नाही. तिन्ही ताटं पिशवीत घालून बसने तांबाकाट्याला गेले. काकांनी ताटं डोळ्याजवळ धरली आणि म्हणाले, “हा एक आहे ताई. स्पष्ट आहे.” मी म्हटलं, तुम्ही काढलाय म्हणून तुम्हाला स्पष्ट. ते काही बोलले नाहीत. २९४ ची शेपटी वळवून दिली. १३१ आणि ४२१ चं काय करणार, स्टीलवरचा ओरखडा पुसता येत नाही. त्यांनी आधीच्या नंबरावर बारीक आडवी रेघ मारून शेजारी नव्याने घातला. पैसे घेतले नाहीत. चहा पाजला. पण रेघ मारलेली दोन ताटं आता जन्मभर तशीच राहणार, आणि पंगतीत ती नेमकी माझ्याच वाट्याला येणार हे मला माहीत आहे.

१३९२ आकड्यांपैकी ३०० आकडे एक तरी आहेत किंवा नऊ. त्यात तीन चुका म्हणजे शेकडा एक. बँकेत एवढी चूक झाली असती तर मेमो आला असता. काकांना मी तो देत नाही, पण गुण कापते. पाचातले चार.

मुलांना ताटांचा नाद लागला तो वेगळाच. सातवीतल्या मुलीला मी द. रा. कापरेकरांबद्दल सांगितलं. १९०५ साली डहाणूला जन्मलेले, देवळालीला शाळेत मास्तर होते, ६१७४ या ‘कापरेकर स्थिरांका’मुळे गणितात ओळखले जाणारे. त्यांचा एक खेळ ताटांवर फार छान जमतो. कुठलंही ताट घ्या, त्याच्या आकड्यांची बेरीज त्याच्यातच मिळवा आणि येईल त्या नंबराच्या ताटावर उडी मारा. १२ वरून १५, १५ वरून २१, २१ वरून २४, २४ वरून ३०. काही ताटं अशी आहेत की त्यांच्यावर कुठूनच उडी येत नाही. २० चं ताट तसं, ३१ चं तसं, ४२ चं तसं. कापरेकरांनी त्यांना आपल्या गावाचं नाव दिलं, देवळाली संख्या. मुलांनी त्यांना ‘एकटी ताटं’ म्हणायला सुरुवात केली आणि दोन दिवस गॅलरीतून चालायला जागा नव्हती.

आमच्या तळमजल्यावरचे मामा दुसऱ्या टोकाचे. एकच आकडा उरेपर्यंत बेरीज करत गेलं की त्यांच्या स्कूटरच्या नंबराची बेरीज नऊ, मोबाइलची नऊ, आता त्यांना ताटही बेरीज नऊचंच हवं. मी म्हटलं, मामा, पाचशेत अशी ताटं पंचावन्न आहेत, नवाच्या पाढ्यातली सगळी, ९ पासून ४९५ पर्यंत. त्यात कसलं आलंय भाग्य, दर नवव्या ताटाला मिळतं. मामांनी तरीही १०८ चं शोधून काढलं. महाप्रसादाला ते आपलं ताट घरूनच घेऊन आले. कुणी नेऊ नये म्हणून आदल्या रात्रीच नेऊन ठेवलं होतं.

गणपती झाले. महाप्रसादाला दोन पंगती, मध्ये गौरीजेवणासाठी दहा-दहाच्या गठ्ठ्यांनी घरोघर ताटं गेली, त्याची वही मी ठेवली होती. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी धुऊन, पुसून, जिन्यात पुन्हा तीच मंडळी बसली. ताटं ४९९.

सेक्रेटरींचं पहिलं वाक्य, “बघा, नंबर घालून काय मिळवलं?” मी म्हटलं, थांबा.

एकं २२४३. दहं २२४६. शतकं १००२.

सातवीतल्या मुलीने तिन्ही कागद शेजारी ठेवले. एकं सात कमी, दहं चार कमी, शतकं तीन कमी. “काकू, तीनशे सत्तेचाळीस.” पाचशे ताटं मिसळलेली, एकही क्रमाने लावलेलं नाही, आणि नसलेल्या ताटाचा नंबर पोरीने वाचून दाखवला. सेक्रेटरींनी विचारलं, एवढे तीन कागद कशाला, एकच बेरीज धरली असती तर? चांगला प्रश्न, पहिल्यांदाच. एकच बेरीज धरली असती तर ५५०५ ऐवजी ५४९१ आली असती, म्हणजे १४ कमी. पण आकड्यांची बेरीज १४ होणारी ताटं पाचशेत ३५ आहेत. ५९ घ्या, १४९ घ्या, ४५५ घ्या. पस्तीस घरांच्या कड्या वाजवत कोण फिरणार? घरं वेगळी ठेवली म्हणूनच नंबर सापडला. दोन ताटं हरवली असती तर मात्र हीही युक्ती पंगू. तेव्हा तीनही कागद ठेवून देऊन सरळ ओळीने लावायला बसायचं.

वही काढली. ३४१ ते ३५०, दहा ताटं, मागच्या इमारतीतल्या वहिनी, गौरीजेवण. परत आल्याची खूण होती, पण गर्दीत दहा मोजून घेतली नव्हती, ही चूक माझी. मुलगी आणि मी गेलो. वहिनींनी दार उघडलं आणि आम्ही तोंड उघडायच्या आतच म्हणाल्या, “अहो काकू, ताट राहिलंय ना? रिकामं कसं पाठवणार म्हणून ठेवलं होतं. घरात काही करायला सवडच झाली नाही.”

बसा म्हणाल्या. बसलो. संध्याकाळी ताट आलं ते रुमालाखाली सहा पुरणपोळ्या घेऊन. काठावर ३४७, सात अगदी ठसठशीत.

व्यवहाराचं थोडं. काकांकडे माल न्याल तर दुपारी बारानंतर न्या, सकाळी ते दुकानाच्याच नव्या भांड्यांवर असतात. मी एकदा रविवारी गेले तर बंद होतं. मोठ्या कामाला निम्मे पैसे आधी घेतात, पावती मागितल्याशिवाय देत नाहीत. पैसे मोबाइलवरून चालतात, पण तो चौकोन गल्ल्यावर मुलाकडे आहे, म्हणजे त्याचा हिशेब ऐकून घ्यावा लागतो. आकड्याचा आकार आधी एका भंगार झाकणावर काढून दाखवायला सांगा, विशेषतः १ आणि ९ शेजारी शेजारी. मी तेवढंच केलं नव्हतं.

वाट्यांचं काम दिवाळीनंतर त्यांनाच देणार आहे. परवा फोन करून भाव विचारला. आकड्याला अडीच. म्हटलं, तीन महिन्यांत आठ आणे कसे वाढले?

“नऊ नीट काढायचेत ना, ताई.”